सापावर उगाळलेलं मूळ

मित्रांनो, मी एक जुनं मूळ आहे. बोटाएवढं, उगाळून उगाळून एका अंगानं चपटं झालेलं. माझ्या वेलीला सापसंद म्हणतात. धावड्याच्या डोंगरातून पुंजारामबाबांनी मला खणून आणलं, सावलीत वाळवलं आणि देवळीत ठेवलं. साप चावला असं आमच्याकडं तोंडानं म्हणत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात. कुणाला पान लागलं की माणसं बाबांकडं धावत येत. बाबा मला सहाणेवर उगाळून पाजत, उरलेला लेप जखमेला लावत. कुणाकडून सुपारीसुद्धा घेत नसत. चावलेला माणूस उठून बसला की सारं गाव माझं कौतुक करी. चावलेली बहुतेक धामण नाहीतर दिवड असे, आणि त्यांना विषच नसतं. हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

१९८९ च्या श्रावणात, शेजारच्या मच्छिंद्रची बायको सोनूबाई सकाळी गोवऱ्या काढायला गेली आणि तिला मण्यार चावली. दुखलं थोडंच. सूज तर नाहीच. घरात पाच महिन्यांची लेक होती.

मच्छिंद्र म्हणाला, “बाबा, चौकात जीप उभी हाय. दवाखान्यात नेतो हिला.”

“नेशील रे. आधी हे पिऊ दे. माझ्या हातून आजवर कुणी गेलंय का?”

मच्छिंद्र थांबला.

सोनूबाईनं तोंड वाकडं करत वाटी रिकामी केली. “बाबा, ह्याच्यापरीस आमच्या आत्याबाईचं बोलणं गोड!”

सासू द्वारकाबाई हसली. “जीभ चालून राह्यली न्हवं? मंग काही होत न्हाई तिला.”

थोड्या वेळानं सोनूबाई म्हणाली, “आत्याबाई, डोळे उघडंनात. लई झोप येऊन राह्यली.”

“गुण आला,” बाबा म्हणाले. “निजू द्या. कुणी उठवू नका.”

मित्रांनो, तो गुण नव्हता. मण्यारीचं विष असंच गुपचूप चढतं. आधी पापण्या पडतात, मग जीभ जड होते, मग श्वास अडतो. मला ओरडावंसं वाटलं, पण मुळाला तोंड कुठलं? चौकातली जीप भाडं घेऊन निघून गेली.

दुपारी लेक भुकेनं रडायला लागली. द्वारकाबाईनं तिला निजलेल्या आईच्या अंगाशी लावलं. लेक पिऊ लागली. आईचा हात काही तिच्या पाठीवर आला नाही. तेव्हा द्वारकाबाईनं सुनेच्या नाकापुढं बोट धरलं.

पुंजारामबाबांनी त्यानंतर मला कधी हात लावला नाही. कुणी आलं तर दारातूनच सांगत, “इथं थांबू नको. जल्दी गाडी बघ.” लोक म्हणत, म्हाताऱ्याला गर्व झाला.

मित्रांनो, माझा राग करू नका. पण जे मला जमत नाही, ते माझ्यावर टाकू नका. तुमच्या घरी कुणाला पान लागलं आणि मोठी माणसं माझ्यासारखं मूळ शोधू लागली, तर रडा, हट्ट करा, पाय आपटा; गाडी दवाखान्याकडं निघेपर्यंत गप्प बसू नका. मोठी माणसं रागावतील. रागावू द्या.