ओलं

वॉल्टरने गवताची मूठ काकांच्या हातात ठेवली आणि टोपी मागे सरकवली.

"वेल, मो? रेडी?"

मोरेश्वरकाका व्हीलचेअरमध्ये, मांडीवर शाल घेऊन बसले होते. समोर कुरणातलं कापलेलं गवत उन्हात पसरलं होतं. स्टेट कॉलेज या गावाबाहेर त्यांनी हे घर घेतलं तेव्हापासून शेजारचा वॉल्टर इथलं गवत आपल्या गाईंसाठी नेतो. पण काकांनी मूठ पिळून 'ड्राय' म्हटल्याशिवाय एक गठ्ठा बांधत नाही. दोघांची ती जुनी गंमत. गेल्या हिवाळ्यातल्या स्ट्रोकने काकांचं सगळं इंग्रजी पुसलं, मराठीतले चार शब्द ठेवले.

काकांनी मूठ घट्ट धरली. चेहरा कसनुसा झाला.

"ओलं."

"ही सेज वेट," शरयूकाकू म्हणाल्या. "नॉट येट, वॉल्टर."

वॉल्टरने आभाळाकडे पाहिलं. संध्याकाळी पाऊस सांगितला होता. "यू आर द बॉस, मो," म्हणत तो गठ्ठे बांधायचं मशीन भावाच्या शेताकडे घेऊन गेला.

मी त्यांच्या तळघरात भाड्याने राहते. सवड मिळाली की लेकीला कडेवर घेऊन काकूंच्या मदतीला वर येते. वल्लरी कडेवरून उतरली, तिने काकांची शाल ओढली आणि टाळ्या पिटल्या.

"आजोबा शू! आजोबा शू!"

मी तिला पटकन उचललं. काका कुरणाकडेच बघत होते.

काकूंनी काकांच्या हातून पडलेलं मूठभर गवत उचलून पिळलं. काडी कटकन मोडली.

"अगं, वाळलंय की हे! खडखडीत!" त्यांनी फोन लावला. "वॉल्टर, कम बॅक. इट्स ड्राय."

"डिड मो से सो?" स्पीकरवर तो हसला. "आस्क हिम."

काकूंनी फोन काकांपुढे धरला. डोळ्यांनी विनवलं. काकांचे ओठ हलले.

"ओलं... ओलं गं."

"हा, दॅट वन आय नो नाऊ!" वॉल्टर म्हणाला. "वी वेट."

काकूंनी तोंड उघडलं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. काकांनी त्यांच्या पदरासारखी लोंबणारी ओढणी मुठीत धरली होती. काकूंनी फोन बंद केला.

"चला," त्या म्हणाल्या, "बदलू या."

पाऊस लवकरच आला. वॉल्टर धावत पोर्चवर चढला तेव्हा गवत काळं पडत चाललं होतं. त्याच्या टोपीतून पाणी गळत होतं, आणि त्या गवतावर त्याच्या गाईंचा हिवाळा निघायचा होता.

"इट्स ओके, मो," तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "यू सेड सो."

धुतलेल्या पायजम्यात काका हसले. स्वच्छ, सुटल्यासारखे.

"कोरडं," ते म्हणाले.

"व्हॉट्स ही सेइंग?"

काकूंनी शाल त्यांच्या गुडघ्यांवर नीट खोचली.

"वेट," त्या म्हणाल्या. "ही सेज इट्स वेट."