खंडूआबांच्या घरची हलगी

मी एक जुनी हलगी आहे. लाकडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एवढाच माझा संसार. मित्रांनो, मांडवगण फराट्याच्या बाजूला, भीमेकाठच्या एका वाडीत खंडूआबांच्या वडिलांनी मला मढवलं.

लग्न, जत्रा, दवंडी, मयत, सगळीकडे मी वाजले. "काय कडकडती!" असं लोक म्हणत. पण कौतुक माझंच. वाजवणाऱ्याला भाकर दुरूनच मिळे. देवळात कीर्तन रंगलं की मृदंग बुवांच्या शेजारी, आणि मी पायरीखाली. तरी तिथून ऐकलेलं हरिनाम मला अजून गोड लागतं, बरं का.

पुढे आबांच्या घराने धम्म स्वीकारला आणि हे गावकीचं वाजवणं सोडलं. आबांनी मला खुंटीला टांगलं. चुलीच्या धुराने कातडं काळं पडलं, मग बधिर झालं. ना राग, ना वाट पाहणं. कुणाचं बोट लागलं तरी कळेना.

२००३ साली शाळेत वाद्यं शिकवण्याचा दिवस ठरला. दौंडहून बँडमास्तर हौसराव ट्रम्पेट आणि ताशे घेऊन येणार होते. ज्योतिबा गुरुजी मनाने भले, कीर्तनात टाळ धरणारे. ते आबांच्या नातीला, गौतमीला म्हणाले, "तुमच्या घरची हलगी आण आणि तूच वाजव. तुझ्या रक्तातच आहे ते."

गौतमीला ट्रम्पेट वाजवायचा होता. घरी येऊन माझ्याकडे नुसती बघत बसली. आबांनी खोदून विचारलं तेव्हा रडली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे वाद्यांच्या दिवशीच, आबांनी मला खाली काढलं आणि तिच्यासोबत स्वतः शाळेत आले.

"गुरुजी, हिला काय वाजवायचंय, इचारलं का?"

गुरुजी गडबडले. "आबा, मी वाईट मनानं नाही हो बोललो."

"ठाऊक हाय. म्हणून तर आलो. हलगी शिकवा की, पर समद्यास्नी. एकट्या माझ्या नातीच्या गळ्यात नगं."

गुरुजींनी मला वर्गातल्या सार्थकपुढे धरलं. तो मागे सरला. "घरी कळलं तर आण्णा रागावत्यात."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग गुरुजींनी मला स्वतःच्याच गळ्यात अडकवलं. वाळलं गवत पेटवून शेक दिला. कडेला थोडं कळलं, मध्ये काहीच नाही. ते जाड काठीने बडवू लागले.

"अवो गुरुजी, हलगी हाय ती! भाकरी थापताय व्हय?" हौसराव ओरडले.

पोरं खदखदली. सार्थकही हसला आणि पुढे आला. "द्या हिकडं, मी बघतो."

त्या दिवशी मी वर्गातल्या एकेका गळ्यात फिरले. गौतमीने ट्रम्पेट फुंकला. आधी नुसतीच हवा, मग रेडकू ओरडावं तसा आवाज. आबा म्हणाले, "म्हशीला पान्हा फुटंल गं!" ती हसली आणि पुन्हा फुंकू लागली.

संध्याकाळी आबांनी मला शाळेतच ठेवलं. जाताना एक थाप तरी मारतील, असं वाटलं. मारली नाही. नातीचा हात धरून ते निघून गेले. त्यांनी मला का सोडलं ते मी जाणते, म्हणून मीही त्यांना परत बोलावलं नाही.

मित्रांनो, आता मी शाळेच्या भिंतीवर असते. मला ओलीपासून जपा, वाजवण्याआधी शेक द्या आणि कुणीही घ्या. फक्त कुणाच्या गळ्यात घालताना त्याचं घर विचारू नका. त्याला काय वाजवायचंय, तेवढं विचारा.