कॅल्शियमची गोळी

आठव्या महिन्यात वैशाली बाळंतपणासाठी डिलाईल रोडला आईकडे आली, तेव्हा तिची कंबर इतकी दुखत होती की कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी नुसता शेक सांगितला होता. चार दिवस बकुळाबाईंनी ते पाहिलं. पाचव्या दिवशी स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी त्यांनी लेकीच्या हातावर ठेवली.

"कसली गं ही?"

"कॅल्शियमची."

त्या दुपारी वैशाली दोन तास शांत झोपली. मग आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ, बकुळाबाई तेच खोटं बोलत राहिल्या.

पुढच्या सोनोग्राफीत डॉक्टरबाई बाळाच्या हृदयापाशी बराच वेळ थांबल्या. "इथली एक रक्तवाहिनी आकसलीय. दुखण्यावरची गोळी घेतलीत का?"

"नाही," वैशाली म्हणाली. "लोह आणि कॅल्शियम, बस."

"मग कारण शोधावं लागेल. आजच दाखल व्हा."

लेक पोटावरचं जेल पुसत होती. तिच्याकडे न बघता बकुळाबाईंनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मी दिली. कॅल्शियम सांगून."

डॉक्टरबाईंनी पट्टी वाचली. आवाज न चढवता म्हणाल्या, "आपलं शरीर चरबीतल्या आम्लांपासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं. त्यानं दुखतं, म्हणून ही गोळी ते बनूच देत नाही. पण बाळाची ही वाहिनी जन्मापर्यंत त्याच्यामुळेच उघडी राहते, मावशी."

"मग आता?"

"गोळी बंद. दाखल व्हायला नको, तीन दिवसांनी परत बघू. बहुतेक वेळा उघडते."

टॅक्सीत वैशाली बाहेर बघत बसली. करी रोडच्या पुलावर म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, आई. खरं सांगितलं असतंस तर मी घेतलीच नसती."

"म्हणून तर नाही सांगितलं."

तीन दिवस बकुळाबाई तिची कंबर शेकत राहिल्या. वैशाली शेक घ्यायची, पण भिंतीकडे तोंड करून. बाळ हललं की ती हात पोटावर ठेवायची. बकुळाबाईंना विचारायचा धीर व्हायचा नाही.

पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत वाहिनी उघडलेली दिसली. ऐकून बकुळाबाई दवाखान्याच्या बाकावर पदरात तोंड लपवून रडल्या. वैशाली शेजारी बसून राहिली.

त्या संध्याकाळी आईने दुधाचा पेला पुढे केला. वैशालीने तो घेतला नाही.

"यात काय घातलंयस?"

"हळद," बकुळाबाई म्हणाल्या, आणि पहिला घोट स्वतः घेतला.