एवारिस्तोच्या उजव्या कानातला खडा

मित्रांनो, मी एक जुना खडा आहे. घेवडा निवडताना हाताला लागतो किंवा चपलेत शिरून टोचतो, तसला नव्हे. मी इतका लहान आहे की तुमच्या नखाच्या कोपऱ्यात माझ्यासारखे कितीतरी मावतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. माझे घर एवारिस्तो नावाच्या माणसाच्या उजव्या कानात आहे. बाहेर दिसते त्या पाळीत नाही, पार आत, कवटीच्या हाडात कोरलेल्या खोलीत. एवारिस्तो पापांतला गावाजवळ, तोतोनाक लोकांच्या एका वस्तीत राहतो, संत्र्यांची बाग सांभाळतो आणि सणाला उंच खांबाच्या टोकावर उभा राहून बासरी वाजवतो.

तो आईच्या पोटात होता तेव्हाच मी घडलो. आईने खाल्लेल्या, चुन्यात उकडलेल्या मक्याच्या भाकरीतला चुना तिच्या रक्तात उतरला, तिच्याकडून बाळात आला आणि त्याचेच आम्ही खडे झालो. आम्ही हजारो भावंडे एका मऊ, चिकट गादीवर दाटीवाटीने बसलेली असतो. गादीखाली बारीक केस असतात. एवारिस्तोने मान झुकवली की आम्ही आमच्या वजनाने तिकडे सरकतो, केस वाकतात आणि त्यांच्या मुळाशी असलेली नस मेंदूला कळवते की मान झुकली. आमचे काम एवढेच. पण ते क्षणभरही थांबत नाही.

आमच्या खोलीला लागून तीन अर्धगोल नळ्या आहेत. त्यांत पाणी असते. डोके फिरले की ते पाणी मागे रेंगाळते आणि त्यावरून वळण्याची बातमी निघते. पलीकडे शंखासारखा वळलेला एक शेजारी राहतो. त्याच्याकडे आवाज येतात. जगात कोण काय बोलते ते मला कळते, ते त्याच्याच कृपेने. आम्हा सगळ्यांच्या बातम्या एकाच नसेच्या दोरीतून मेंदूकडे जातात.

मेंदू हा पंच आहे. डोळे काय सांगतात, कान काय सांगतो, तळपाय काय सांगतात, हे ऐकून तो निवाडा करतो की माणूस उभा आहे, वाकला आहे की पडतो आहे. हे वाचताना जरा मान इकडेतिकडे हलवून पाहा. अक्षरे जागच्या जागी राहतात ना? मान वळली ही बातमी कानाकडून येताच मेंदू डोळ्यांना तेवढेच उलट फिरवतो, म्हणून. नाहीतर सारे जग तुमच्यासमोर डुचमळले असते. आता कधी कोणी आमचे आभार मानले आहेत का? कानाची आठवण होते ती पिरगाळताना.

एवारिस्तोचे मात्र फार कौतुक झाले. खांबाच्या टोकावर उखळीएवढी एक लाकडी बैठक असते. तिच्याखाली टांगलेल्या चौकटीवर चार गडी कमरेला दोर बांधून बसतात आणि मग स्वतःला मागे झोकून देऊन, डोके खाली करून, गरगरत जमिनीवर उतरतात. एवारिस्तो त्यांचा म्होरक्या. त्या उखळीवर उभा राहून तो चारही दिशांना वळतो, एका हाताने बासरी धरतो, दुसऱ्या हाताने इवलासा ढोल वाजवतो आणि शेवटी पाठीची कमान करून, मान मागे टाकून सूर्याला वंदन करतो. वर कमरेला दोर नसलेला तो एकटाच असतो. खाली लोक म्हणत, काय पाय आहेत या माणसाचे! मी आत बसून चडफडत असे.

वर्षे गेली. एवारिस्तोचे केस पिकले आणि आमच्या गादीचा चिकटपणाही कमी झाला. एक दिवस संत्री भरताना ट्रकच्या फळीवर त्याचे डोके आपटले. तो शिवी हासडून पुन्हा कामाला लागला. पण मी गादीवरून सुटलो, घरंगळलो आणि मागच्या नळीत जाऊन पडलो.

मित्रांनो, कैद म्हणजे काय ते मला विचारा. आत शिरायला वाट सापडली, बाहेर पडायला सापडेना. चहूबाजूंनी काळोख आणि पाणी. भावंडांचा स्पर्श नाही. सर्वांत वाईट म्हणजे माझे काम सुटले नाही, ते उलटले. एवारिस्तो कुशीवर वळला किंवा त्याने वर पाहिले की मी नळीत घरंगळायचो, माझ्यामागे पाणी ओढले जायचे आणि नस ओरडायची, "डोके फिरते आहे, गरगर फिरते आहे!" डोके तर स्थिर असायचे. मी खोटी साक्ष देत होतो आणि थांबायला मला ना हात होते ना पाय.

पहिल्यांदा हे घडले तेव्हा पहाट होती. अंथरुणात वळताच एवारिस्तोने खाटेची कड घट्ट धरली.

"दोमितिला! भूकंप! ऊठ, बाहेर पळ!"

"कसला भूकंप?" त्याची बायको म्हणाली. "कोंबड्या बघ कशा निवांत आहेत. तुझंच काहीतरी हललंय."

ते थोड्या वेळात थांबले, म्हणून तो गप्प बसला. पुन्हा झाले तेव्हाही त्याने कोणाला सांगितले नाही. खांबावर चढणाऱ्या माणसाने चक्कर येते म्हणून सांगायचे म्हणजे बासरी दुसऱ्याच्या हाती द्यायची. ती त्याच्या बापाची बासरी होती.

मग सण जवळ आला. सणाआधी सारे उडणारे, म्हणजे ते चार गडी आणि त्यांचा म्होरक्या, व्रत धरतात. दारू वर्ज्य, घरचे अंथरूण वर्ज्य. व्रत मोडले तर खांब रागावतो आणि मोडणाऱ्याला खाली टाकतो, ही तिथली पक्की समजूत. नवा खांब उभा करायच्या दिवशी खड्ड्यात कोंबडी, पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे तामाले आणि दारूचा घोट अर्पण करून झाला. खांब सरळ आहे का ते पाहायला एवारिस्तोने मान वर केली. मी घरंगळलो. तो झोकांडी खाऊन थेट तामाल्यांच्या टोपलीवर बसला.

सगळे हसले. ईगिनियो हसला नाही. ईगिनियो चौघांतला सर्वांत जुना गडी. एवारिस्तो त्याच्या मुलाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, म्हणून दोघे एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत.

"कोंपाद्रे, तोंड उघड बघू," तो म्हणाला आणि त्याने जवळ येऊन वास घेतला.

"काय कुत्रा आहेस का हुंगायला?"

"खांबाचा घोट खांबाला मिळाला, की वाटेत कोणाच्या घशात गेला, तेवढं विचारतोय. वर मला तुझ्या शेजारी बसायचंय. माझी पोरं अजून लहान आहेत."

"मी शिवलोसुद्धा नाही दारूला."

"मग घरी जाऊन आला असशील."

आता दोमितिला पुढे झाली. कमरेवर हात असणार, आवाजावरून मला कळते. "घरी? या माणसानं व्रत धरल्यापासून मला साधं पाणीसुद्धा मागितलं नाही, ईगिनियो! आणि हा प्यायला की गाणी म्हणतो, तेही असल्या भसाड्या आवाजात की सगळ्या वस्तीला कळतं. ऐकलंस का गाणं? नाही ना? मग तोंड आवर."

तरी संशय तो संशय. बायका नदीवर दोमितिलाला टोमणे मारू लागल्या. खांबाची क्षमा मागायला आणखी एक कोंबडी गेली. ती बिचारीही माझ्यामुळेच गेली. मला आतून ओरडावेसे वाटे, अरे, खांबाचा काही दोष नाही, या माणसाचा नाही, कोंबडीचा तर नाहीच नाही! पण माझे ऐकणार कोण? मला एकच गोष्ट बोलता येत होती आणि ती खोटी होती.

सणाच्या सकाळी एवारिस्तो चढू लागला. चढताना तो समोर पाहत होता, म्हणून मी जागेवर होतो. पण पुढे काय आहे ते मला ठाऊक होते. तो पूर्वेला वळेल, मान मागे टाकेल, मी घरंगळेन आणि हा माणूस, ज्याच्या आईच्या भाकरीतून मी झालो, माझ्या खोटेपणाने मरेल. मी भिंतीला चिकटून राहायचा प्रयत्न केला. भिंत गुळगुळीत होती.

बासरी सुरू झाली. ढोल सुरू झाला. तो उखळीवर उभा राहिला, वळला आणि त्याची मान मागे जाऊ लागली.

मी सुटलो. नस ओरडली. तळपाय मेंदूला सांगत होते, खाली लाकूड आहे, हलले नाही. पण कानाची आरोळी मोठी होती. मेंदूने डोळ्यांना ओढले आणि एवारिस्तोपुढचे आकाश गरगर फिरू लागले. बासरीचा सूर तुटला.

"बस!" खालच्या चौकटीवरून आवाज आला. ईगिनियोने हात लांबवून त्याचा घोटा आवळला होता. "खाली बस, कोंपाद्रे! वर बघू नको, माझ्याकडे बघ! धरलंय मी!"

एवारिस्तो गुडघे मोडून खाली बसला. हळूहळू मी नळीच्या तळाशी विसावलो आणि आकाश थांबले. त्याने बसूनच उरलेली धून वाजवली. चौघे गरगरत उतरले, मागून तोही त्यांच्या एका दोराला धरून घसरत उतरला. सूर्याला वंदन झाले नव्हते. खाली कुजबुज सुरू झाली, "प्यायलाच असणार."

"कोण म्हणालं ते?" ईगिनियो कडाडला. मग त्याचा आवाज उतरला. "आधी मीच म्हणालो होतो. वर मी याचे डोळे पाहिले. तव्यावर मक्याचे दाणे उडावेत तशी बुबुळं उडत होती. दारूनं असं होत नाही. चल कोंपाद्रे, दवाखान्यात."

दवाखान्यात रेनाता नावाची डॉक्टर होती. तिने सगळे ऐकून घेतले, त्याचे डोके उजवीकडे वळवले आणि त्याला झटकन उताणे झोपवून मान पलंगाच्या कडेखाली लोंबती ठेवली. मी घरंगळलो. त्याने तिचा हात पकडला.

"डोळे मिटू नका, काका. बघू द्या मला." मग ती म्हणाली, "सापडलं. कानात एक बारीक खडा जागा सोडून अडकलाय."

"एकच खडा?" दोमितिला म्हणाली. "याच्या डोक्यात दगड भरलेत हे मी लग्नापासून सांगतेय, डॉक्टर. कोणी ऐकलं नाही."

एवारिस्तो हसला, आणि हसताहसता रडू लागला. "म्हणजे खांब माझ्यावर रागावला नव्हता?"

"खांबाचं मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाली. "कान रागावला होता. आता हलू नका."

तिने त्याची मान सावकाश डावीकडे वळवली आणि थांबली. मी सरकलो. तिने त्याला डाव्या कुशीवर घेतले, तोंड जमिनीकडे. मी आणखी सरकलो, वळणावरून चढलो. मग तिने त्याला उठवून बसवले आणि मी नळीच्या तोंडातून टपकन आपल्या खोलीत पडलो. मित्रांनो, एवढ्या दिवसांनी भावंडांचा धक्का लागला तेव्हा मला काय वाटले ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

"पुन्हा सुटू शकतो," डॉक्टरने बजावले. "सुटला तर लपवायचं नाही, आणि चक्कर पूर्ण थांबल्याशिवाय चढायचं नाही."

पुढच्या सणापर्यंत चक्कर आली नाही. व्रत झाले, कोंबडी झाली. चढण्याआधी ईगिनियो जवळ आला. एवारिस्तोने मागचे आठवून तोंड उघडले.

"तोंड मिट," ईगिनियो म्हणाला. "डोळे दाखव. वर बघ, आता खाली. ठीक. आता माझे बघ." आता त्या वस्तीत चढण्याआधी उडणारे एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात.

मी आता झिजलो आहे. आम्ही खडे हळूहळू विरघळतो आणि ज्या रक्तातून आलो त्यात परत जातो. जाण्याआधी तुम्हाला एवढेच सांगतो. कानात काड्या घालू नका, डोके आपटले तर घरी सांगा, चक्कर आली तर लाजू नका. आणि कोणाचा तोल गेला तर आधी त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. आधी त्याला धरा.

त्या दुसऱ्या सणाच्या सकाळी खांबाच्या टोकावर एवारिस्तो पूर्वेला वळला आणि त्याने मान मागे टाकली, पूर्वीसारखी, पार मागे. मी भावंडांबरोबर गादीवर तेवढाच कललो, जेवढा तो झुकला होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून मेंदूला खरी बातमी दिली. तो झुकला आहे. पडत नाही.