ओ आली नाही तर

मुलांनो, जरा डोळे मिटा. उजाडायला थोडा वेळ आहे आणि मोहर्लीकडच्या रानात तुम्ही वाकून मोहफुलं वेचताय. नजर खाली आहे. पाठीमागं काही सळसळलं तर? म्हणून तिथली माणसं एकमेकांना हाका मारत राहतात. कुणी 'कूऽऽ' केलं की लगेच 'कूऽऽ' अशी ओ द्यायची. ओ आली नाही, तर टोपली जिथल्या तिथं टाकून सगळ्यांनी त्या माणसाकडं निघायचं.

तिथल्याच छोट्या दीपिकाला हा नियम तिच्या आत्यानं शिकवला होता. आत्या म्हणजे पुनम, बावीस वर्षांची. तिच्याएवढी खणखणीत ओ गावात कुणाची नव्हती. "तुह्या आवाजानं वाघच पळून जाते आत्या," असं दीपिका चिडवायची.

यंदा पुनमच्या मानेवर गाठ आली. थंडीनं सुजली असेल, म्हणून घरच्यांनी हळद लावली. गाठ वाढतच गेली. शेवटी चंद्रपुरात तुकडा तपासला, आणि काल डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे. बरा होऊ शकतो, पण उशीर नको, उद्याच नागपूरला निघा.

घरी येताच पुनम आतल्या खोलीत शिरली. दार लोटून म्हणाली, "आत कोणी येऊ नका."

आज सकाळी दीपिका शेजारणींबरोबर रानातून परतली, तेव्हा आजी, नीलाबाई, त्याच दाराशी उभी होती. दीपिकाचा बाप विनोद खांद्याला पिशवी अडकवून अंगणात येरझारा घालत होता.

"पुनम, बस निघून जाईल वो माय," आजी म्हणाली.

"जाऊ दे. केस जाईन, जीवही जाईन. कायले जाऊ?"

"असं बोलू नको वो."

"मंग काय बोलू? मलेच काऊन झालं, सांग!"

आजी पदरानं डोळे पुसत राहिली.

"आत्याले काय झालं?" दीपिकानं विचारलं.

"सर्दी झाली. जाय, फुलं वाळत घाल," आजी म्हणाली.

सर्दीसाठी कुणी रडत नाही, एवढं दीपिकाला कळत होतं. डोक्यावर टोपली तशीच धरून ती दाराकडं वळली.

"कूऽऽ!"

आतून काही नाही.

"अवं पोरी, हे काय रान हाय का?" विनोद खेकसला.

"कूऽऽ!"

काहीच नाही. मोठी माणसं उंबऱ्याबाहेर तशीच खिळलेली.

दीपिकानं टोपली जिथल्या तिथं टाकली. मोहफुलं घरभर पसरली. त्यांच्यावरून पाय देत ती दार ढकलून आत गेली.