मुटिंताची हापशी

"काका, ती हापशी बंद पडली म्हणतेत," पास्टर शेखर म्हणाले, आणि ऐकताक्षणी शांतवन तायडेला आनंद झाला.

खामगावच्या चर्चमधली रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. शांतवनने चेहरा शक्य तितका गंभीर केला. "कोणती? झांबियातली?"

"तीच. तुमी दुरुस्त केलेली. चार दिवस झाले, पाण्याचा थेंब नाही. जानेवारीत आपली टीम पुन्हा जाऊन राह्यली, अन् जागा एकच रिकामी आहे. तिथले लोक म्हणतेत, हापशी अशीच राह्यली तर मेकॅनिक पाठवा, नाहीतर नर्स पाठवा. मी तुमचं नाव टाकून ठेवलं."

"बिचारे," शांतवन म्हणाला. "टाका नाव."

अमडापूरला परतताना एसटीत खिडकीशी बसून तो गालातल्या गालात हसत होता. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं.

तसं पाहिलं तर शांतवनच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नव्हतं. तेहतीस वर्षं पंचायत समितीचा हापशी मेकॅनिक. पाइप उपसायचे, वायसर बदलायचे, साखळी बसवायची आणि पुढचं गाव गाठायचं. गावात पोचला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काऊन बे, आता आला का?" पाणी सुरू झालं की घागरींची झुंबड उडायची आणि त्या गर्दीत शांतवन कुणाच्या लक्षातही राहायचा नाही. काही गावांत तर त्यानेच चालू केलेल्या हापशीचं पाणी त्याच्या ओंजळीत वरून ओतलं जाई. तो प्यायचा, तोंड पुसायचा आणि हत्यारांची पिशवी उचलायचा. घरी येऊन याबद्दल तो कधी बोलला नाही.

निवृत्तीनंतर, गेल्या मे महिन्यात, चर्चची टीम दहा दिवसांच्या सेवेसाठी झांबियाला निघाली. तिथल्या मंडळीने कळवलं होतं, गावात भारतीय बनावटीची हापशी बंद पडून आहे, कुणी जाणकार असेल तर सोबत आणा. प्रार्थना करणारे सहा आणि पान्हा धरणारा एक, असे सात जण विमानात बसले.

तिथली हापशी पाहून त्याला भरून आलं. एवढ्या लांब, लाल मातीत, तीच दांडी, तीच साखळी. गाव त्या हापशीला 'इंडिया' म्हणे, म्हणून लोक शांतवनलाही 'इंडिया' म्हणू लागले. पाण्याच्या कमिटीवरची मुटिंता नावाची तिशीतली बाई रोज सकाळी येऊन शेजारी उभी राही आणि पान्ह्यासाठी हात पुढे करी. "यू सिट," तो म्हणे. एकट्याने काम करायची जन्माची सवय, दुसरं काय! नवव्या दिवशी पाणी आलं. सारं गाव गाऊ-नाचू लागलं. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने पहिला पेला भरला आणि सगळ्यांना ओलांडून येऊन तो शांतवनच्या हातात ठेवला. साठीचा माणूस, पण तिथे लहान पोरासारखा रडला. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, उभं केलं, तेव्हा "साखळीले ग्रीस देत जा" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. दोन भाषांत त्याचं भाषांतर झालं आणि मंडळी एका आवाजात 'आमेन' म्हणाली.

तेव्हापासून शांतवन देहाने अमडापुरात होता इतकंच. सकाळचा चहा घेताना त्याला वाटे, तिथे अजून उजाडायचं आहे. जेवताना मध्येच थांबून तो म्हणे, "आता तिथं बाया पाण्याले निघाल्या असतीन." त्याची बायको मंजुळाबाई वैतागून म्हणे, "तिथंच राह्याचं होतं न मंग. तुमचे कपडे मी पार्सल केले असते."

त्या रविवारी घरी येताच त्याने तिला बातमी सांगितली. ती भाकरी थापत होती.

"जानेवारीत? आता तं ऑक्टोबर चालू आहे. तवरिक त्या बाया पाणी कुठून आनतीन?"

"नदीत खड्डे करतेत. चार किलोमीटर आहे."

"अन् तुमी हासून काऊन राह्यले?"

शांतवनने ताट पुढे ओढलं आणि खाली मान घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी पास्टरांनी एक व्हिडिओ पाठवला. मुटिंता हापसत होती. दांडी नुसतीच हलकी वर-खाली जात होती आणि आत खडखड वाजत होती. शांतवनने तो आवाज तीनदा कानाशी धरून ऐकला. खाली सगळं शाबूत होतं, फक्त वर साखळीतून सळई सुटली होती. का सुटली, तेही त्याला कळलं. सळई जागेवर धरून ठेवणारा चेकनट त्याने नुसता हाताने फिरवून ठेवला होता, पान्ह्याने आवळायचा होता. तेवढ्यात गाणं सुरू झालं, पेला आला, आणि नट तसाच राहिला. तेहतीस वर्षांत जी चूक झाली नाही, ती नेमकी तिथे झाली.

काम तासाभराचं होतं. हत्यारं तो मुटिंताकडेच ठेवून आला होता. फोनवर नीट दाखवलं तर ती करू शकली असती. पण दाखवलं की जानेवारी संपली. आणि त्याला जायचं होतं. डोळे मिटण्याआधी एकदा तरी पुन्हा, आपली वाट पाहणाऱ्या गावात उतरायचं होतं. दोन दिवस त्याने तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. प्रार्थनेला बसला तरी कानात तीच खडखड वाजे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पंचायत समितीच्या ऑफिसातल्या गणेशकडून पान्हे मागून आणले आणि मंजुळाबाईला म्हणाला, "चाल, मोबाइल धराले चाल."

गावाबाहेरची हापशी नळ आल्यापासून ओस पडली होती आणि पुढे तिचं पाणीही आटलं होतं. शांतवनने व्हिडिओ कॉल लावला. निरोप आधीच गेला होता; पलीकडे मुटिंता पान्हा घेऊन तयारच होती. तो इकडे जे उघडी, तेच ती तिकडे उघडी.

"हालवू नको न मोबाइल."

"माझा हात आहे, खांब नोहे," मंजुळाबाई म्हणाली.

हापशीचं डोकं निघालं. आता सळई वर ओढून पकडीत धरायची होती. निसटली तर सगळे पाइप उपसण्याची पाळी. "होल्ड! टाइट होल्ड!" शांतवन ओरडला. मुटिंताने ओठ आवळून सळई धरली. साखळी बसली. नट चढला.

"पान्हा. टाइट. मोअर. अजून मोअर!"

तिने सगळं अंग टाकून नट आवळला, डोकं बसवलं आणि हापसायला लागली. दहादा, वीसदा, तीसदा. मग मोबाइलमधून एकदम कल्लोळ उठला आणि पाण्याची धार दिसली. मंजुळाबाईने रस्त्यातच टाळ्या वाजवल्या, त्यात मोबाइल पडता पडता वाचला.

घामाने निथळणारी मुटिंता पडद्याजवळ आली आणि हसत भराभरा इंग्रजीत बोलली. आता पुन्हा सुटली तर मीच बसवीन, तुमचं वय झालं, एवढ्या लांब यायचा त्रास घेऊ नका. शांतवनचं इंग्रजी कच्चं, पण यातला शब्द न् शब्द त्याला कळला.

"येस," तो म्हणाला. "यू मेकॅनिक."

तिला कुणीतरी हाक मारली. फोन बंद झाला.

"काय म्हणे ते?" मंजुळाबाईने विचारलं.

"म्हणे, आता तुमी नाही आले तरी चालते."

मंजुळाबाईने मोबाइलवरची धूळ पदराने पुसली.

"पास्टरले फोन लाव," तो म्हणाला. "नर्स न्या म्हणा."

तो पुन्हा खाली बसला. समोरच्या हापशीचं डोकं त्याने उचलून जागेवर ठेवलं, बोल्ट घातले आणि एकेक करून आवळायला घेतले.

"अहो, हिले पाणी नाही न. कायले इतकी आवळून राह्यले?"

"उघडी टाकून जाता येते का?" शांतवन म्हणाला. चारही बोल्ट झाल्यावर त्याने दांडी धरली आणि दोन-चारदा हापसून पाहिलं.