ताईंनी कमावलेली पत

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे, मित्रांनो. माझी मुदत कालच संपली. पण बोलायला मुदत लागत नाही.

माझा जन्म एका नकारातून झाला. माझ्या मालकीणताई स्वयंपाकघराच्या दाराशी बसून कपडे शिवायच्या. स्वतःचं दुकान काढावं, त्यात विजेवरचं यंत्र असावं, ही त्यांची मोठी इच्छा. त्यासाठी त्या बँकेत गेल्या.

"आधी कधी कर्ज घेतलंय?" साहेबांनी विचारलं.

"छे हो! कुणाचा छदाम ठेवला नाही."

"मग तुम्ही फेडता, हे आम्हाला कळणार कसं?"

जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरले, तर बँकेला पाय दिसेनात! पण साहेब भला माणूस. म्हणाले, "थोडी रक्कम मुदत ठेवीत ठेवा. तिच्या तारणावर कार्ड मिळेल. त्यावर पत तयार करा."

असा मी घरी आलो. ताईंनी मला मलमलीत गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. वर्षानं त्या ताठ मानेनं बँकेत गेल्या. "बघा साहेब, एका पैशाची उधारी केली नाही!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, वापरलंच नाही तर फेडणार काय?"

दुकान पुन्हा लांबलं. घरी यजमान हसले. "माझ्याशी संसार करायला भ्यायली नाहीस, आणि या प्लास्टिकच्या तुकड्याला भितेस?"

"तेव्हा व्याज किती पडेल, हे कुणी सांगितलं होतं?" ताई म्हणाल्या.

मग मी कामाला लागलो. महिन्याचे दोरे, बटणं, अस्तर तेवढं माझ्यावर. जास्त काही नाही. बिल आलं की तारखेआधी सगळं चुकतं व्हायचं. 'किमान रक्कम भरली तरी चालेल,' असं बिल लाडीगोडीनं सांगायचं. ताई म्हणायच्या, "एका बाहीचा सदरा गिऱ्हाईक घेतं का?" अंगात ताप असतानाही त्यांनी तारीख चुकवली नाही. मोठमोठ्या पाकिटांत माझी भावंडं आहेत, पण असा धनी त्यांच्या नशिबी कुठला!

शेवटी कर्ज मंजूर झालं. दुकान उघडलं, यंत्र घरघरू लागलं. आज माझ्या जागी नवं कार्ड आलंय, आणि जुनं कापून टाकायची सूचनाही. यजमानांनी स्वयंपाकघरातली कात्री आणली.

"ती नको," म्हणत ताईंनी कापडाची कात्री उचलली. तिला घरात कुणी नुसता कागद दाखवला तरी त्यांचा पारा चढतो! "यानं माझं काम केलंय. याला हीच."

मित्रांनो, आम्हाला कपाटात पुजू नका, बाजारात उधळू नका. बेतानं वापरा, पुरतं फेडा. आता आवरतो. कात्रीला धार फार सुंदर आहे.